दोन फोटो आणि एक रुमाल

असाइनमेंट एका ओळीची होती. दोन फोटो, शब्द एकही नाही, आणि बघणाऱ्याला दोन्हींत नसलेलं तिसरंच काहीतरी दिसलं पाहिजे. मुदत तीन आठवडे. पुण्यातल्या आमच्या डिझाइन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हे असतंच. सीनियर्सनी बजावून ठेवलं होतं, सोपी समजून बसू नका, हीच सगळ्यात जास्त वेळा परत येते.

मी सोपी समजून बसले. सकाळी कसब्यात जाऊन एका पडक्या वाड्याचा दिंडी दरवाजा काढला, संध्याकाळी बाणेरला काचेचा टॉवर. डावीकडे वाडा, उजवीकडे टॉवर, झालं काम. सोमवारी वर्गात सगळ्यांचे प्रिंट भिंतीवर लागले तेव्हा कळलं की अठरापैकी सात जणांचं डोकं माझ्यासारखंच चाललंय. चूल आणि इंडक्शन, आजीचा हात आणि नातीचा हात, पोस्टाची पेटी आणि मोबाइल. मॅडमनी भिंतीपुढून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ही सगळी केस वाढवायच्या तेलाची जाहिरात आहे. आधी आणि नंतर."

लागलं, पण बरोबर होतं. जुनं-नवं शेजारी ठेवलं की बघणाऱ्याला काही करायला उरत नाही. उत्तर आपणच देऊन मोकळे झालेलो असतो.

त्या दिवशी मॅडमनी लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग सांगितला. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा. तो सुपाच्या ताटलीला जोडला तर लोकांना भूक दिसली, शवपेटीला जोडला तर दुःख. चेहरा तोच, तसूभरही न बदललेला. आम्ही लगेच करून पाहिलं. वर्गातल्या एकाचा कँटीनमध्ये काढलेला मख्ख चेहरा घेतला. शेजारी निकालाची नोटीस लावली, तर सगळे म्हणाले, गेला बिचारा, के.टी. लागली. शेजारी रिकामी प्लेट लावली, तर भुकेला दिसायला लागला. प्रत्यक्षात तो तेव्हा अर्धवट झोपेत होता.

हे काही फक्त सिनेमावाल्यांचं नाही, असं सांगताना मॅडमनी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण काढली. ठाकर समाजाची ही कला. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं असतात, सांगणारा ती एकामागून एक पुढे करत गात-बोलत कथा लावतो. दोन चित्रांच्या मधलं कुठल्याच कागदावर नसतं. ते त्याच्या गळ्यातून येतं. "तुम्हाला गळा नाही," मॅडम म्हणाल्या, "तेवढी फट बघणाऱ्याकडून भरून घ्या."

दुसऱ्या आठवड्यात मी घरीच शोधाशोध केली. बाबा एस.टी.त कंडक्टर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या जुन्या डायरीत पंच केलेलं एक तिकीट सापडलं. मशिन यायच्या आधीचं, पातळ कागदाचं, कडेला गोल भोक. आणि गॅलरीतल्या गुलाबाच्या पानांना अगदी तशीच गोल भोकं. एक जातीची मधमाशी पानाच्या कडेचे तुकडे कापून घरट्यासाठी नेते, त्याची ती कापणी. मी दोन्ही मॅक्रो लेन्सने काढलं, भोकं एकाच उंचीवर आणली आणि स्वतःवर फार खूश झाले.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "यमक छान जुळलंय. कविता कुठाय?"

आता हसू येतं, तेव्हा रडू आलं होतं. कारण यमकाच्या पलीकडे त्यात खरंच काही नव्हतं.

रुमाल सुचला तो असाच, चिडून घरी येताना. स्वारगेटला एक बस फलाटाला लागत होती. अजून पुरती थांबलीही नव्हती, तोवर खालून दोन रुमाल, एक पिशवी आणि एक टोपी खिडक्यांतून आत गेली. जागा धरली. हे मी जन्मापासून बघत आले, पण त्या दिवशी मला सीटवर पडलेला रुमाल दिसला आणि वाटलं, या चिंधीचा अर्थ आहे 'माणूस येतोय'. घरी बाबांची लाकडी आरामखुर्ची आहे. उठून कुठे गेले की त्यांचा रुमाल चौघडी होऊन खुर्चीच्या हातावर असतो.

खुर्ची संध्याकाळी काढली. बससाठी दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचाच रुमाल घेऊन स्वारगेटला गेले, कंडक्टरला विचारलं. "पाच मिनिटं, गाडी निघायच्या आत," ते म्हणाले. तीच ५० एमएमची लेन्स, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, खुर्चीचा हात आणि सीटच्या पाठीचा दांडा एका रेषेत येतील असा. घरातला उजेड पिवळा आणि बसमधला निळसर होता. तो फरक मी काढून टाकला, मग थोडा परत आणला. दोन्ही फोटो अगदी एका रंगात आले तर एकाच खोलीतले वाटत होते.

डावीकडे बस, उजवीकडे खुर्ची. भिंतीवर लावलं आणि वर्ग गप्प झाला. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारलं, "बाबा कधी गेले गं तुझे?"

बाबा त्या वेळी दुधाच्या रांगेत उभे असणार.

मी घाईघाईने म्हणाले, अगं छे, आहेत! सगळे हसले, पण माझ्या पोटात काहीतरी हललं ते हललंच. मी तर नुसत्या दोन रिकाम्या जागा काढल्या होत्या. मॅडम काही बोलल्या नाहीत. पुढे झाल्या आणि प्रिंटांची जागा बदलली. खुर्ची डावीकडे, बस उजवीकडे. आता तोच माणूस घरातून उठून प्रवासाला निघाला होता. मघाशी मेलेला, आता गावाला चाललेला. एवढंच, फक्त क्रम. त्यानंतर दोन प्रिंटांमधलं अंतर. अर्ध्या इंचावर असताना तो नुकताच निघालाय असं वाटे, तीन इंचांवर ठेवले की मध्ये वर्षं गेली असं. मी अख्खी दुपार ते प्रिंट माउंटबोर्डवर इकडून तिकडे सरकवत बसले आणि शेवटी दीड इंचावर पेन्सिलीने खूण केली. (प्रदर्शनाच्या दिवशी कॉरिडॉरचं दार नेमकं उजवीकडे होतं, त्यामुळे निम्म्या लोकांना बस आधी दिसली. त्यांना मी काय सांगणार?)

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंट हॉलमध्ये जमिनीवर पसरले होते. बाबा पाणी प्यायला उठले. चष्मा नव्हता, म्हणून उकिडवे बसून बघितलं. मला भीती होती की त्यांनाही वर्गासारखंच काहीतरी दिसेल.

"अगं, ही जागा कुणी धरलेली नाहीये."

"का? रुमाल आहे की."

"रुमाल घडी घातलेला आहे. जागा धरणारा रुमाल फेकतो. खिडकीतून, धावता धावता. घडी घालायला त्याला वेळ कुठाय? हा रुमाल कुणीतरी आत येऊन, निवांत ठेवलाय." मग थोडं थांबून, "आणि खरं म्हणजे रुमालाने जागा धरता येतच नाही. चौतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो."

चौतीस वर्षं रुमालांवरून भांडणं सोडवलेला माणूस घरात होता आणि मी त्याला दाखवायचं शेवटच्या रात्रीपर्यंत टाळत होते. मॅडमना दिसलं नव्हतं, मला दिसलं नव्हतं. मला खुर्चीशी मेळ हवा होता, म्हणून मी हाताने रुमालाच्या कडा जुळवल्या होत्या.

सकाळी सहाला स्वारगेट. रुमाल तोच, पण बोळा करून. पहिल्यांदा तो खिडकीच्या दांड्याला अडकून बाहेर लोंबला. दुसऱ्यांदा सीटखाली गेला. चौथ्यांदा बरोबर सीटवर, एक टोक वर, अर्धा पाठीला टेकून. धावत आत चढले, आठ-दहा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतानाच कळत होतं: घरची चौघडी आणि बसमधला हा बोळा, एकाच माणसाच्या दोन तऱ्हा. आता मध्ये खरंच काहीतरी घडलेलं होतं.

मी पडद्यात डोकं घालून उभी असताना एक आजोबा पिशवी घेऊन चढले. त्या सीटपाशी थांबले, रुमालाकडे पाहिलं आणि काही न बोलता मागे सरकले. शेवटच्या बाकाकडे निघाले.

"आजोबा, बसा ना. रिकामीच आहे."

"धरलीय की कुणीतरी."

"मीच टाकलाय. फोटोसाठी. कुणी यायचं नाहीये."

ते परत आले, खिडकीशी बसले, पिशवी पायात ठेवली. मग तो रुमाल उचलून मांडीवर झटकला, चौघडी घातली आणि माझ्या हातात दिला.