लाइन चार मिनिटं थांबली म्हणून

आरोपपत्रात तीन कलमं होती. परवानगीशिवाय कामाची जागा सोडणे, वरिष्ठांशी उद्धट वर्तन आणि उत्पादनाचे नुकसान. चाकण पट्ट्यातला वायर हार्नेसचा कारखाना, कायम नोकरीतली एक ऑपरेटर, आणि खातेअंतर्गत चौकशी दोन बैठकांत उरकून बडतर्फी. मी तेव्हा कामगार खात्यात समेट अधिकारी होते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चं कलम २-अ तेव्हा असं होतं की बडतर्फीविरुद्ध एकट्या कामगाराला अर्ज करता यायचा, युनियन पाठीशी असावी लागायची नाही. तसाच तिचा अर्ज आला होता.

समेट अधिकाऱ्याला निकाल देता येत नाही, हे बऱ्याच कामगारांना शेवटपर्यंत पटत नाही. दोघांना समोरासमोर बसवायचं, जमलं तर करार करायचा, नाही तर असफल अहवाल पाठवायचा, एवढंच आमच्या हातात. मॅनेजमेंटकडून बहुतेक वेळा लेबर कन्सल्टंट येतो. ऑथॉरिटी लेटर ठेवतो, तारीख मागतो आणि जातो. खोलीचं भाडं आणि बचत गटाचा हप्ता तारखेसाठी थांबत नाहीत, आणि कंपनीच्या बाजूने खरी वकिली हे दोन खर्चच करतात.

चौकशीच्या कागदांत एक वाक्य मला खुपलं. ‘अपचारी कामगाराने जागा सोडण्याचे कारण सांगण्यास नकार दिला.’ चौकशी अधिकारी पुरुष, कंपनीचा प्रतिनिधी पुरुष, टंकलेखकही पुरुष. मी कन्सल्टंटना म्हटलं, “साहेब, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा.” ते नाराज झाले, पण उठले.

मग ती बोलली. त्या आठवड्यात तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्याचा कागद पर्समध्ये होता. लाइनवर शौचालयाला जायला टोकन लागायचं. तीस बायकांत एक टोकन. ते दुसऱ्या एकीच्या हातात होतं. तिने लाइन लीडरला दोनदा सांगितलं, मग थांबवेना म्हणून गेली. परत आली तेव्हा लाइन उभी होती आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडत होता. तिनेही त्याला उलट ऐकवलं. काय ऐकवलं ते तिने मला सांगितलं आणि मला त्यात उद्धट काही वाटलं नाही.

“ताई, हे चौकशीत का नाही सांगितलंत?”

“मॅडम, त्या तिघांसमोर कसं सांगू?”

हार्नेसची लाइन बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून सांगते. गाडीतल्या सगळ्या वायरींचा तो जुडगा. फिरत्या कन्व्हेयरवर बोर्ड बसवलेले असतात, बोर्डावर खुंट्या. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या वायरी खुंट्यांवर ओढायच्या, टोकं कनेक्टरमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायची, पुढची टेपिंग करणार. बोर्ड थांबत नाही. एक जागा रिकामी झाली की दोनच गोष्टी होतात, बोर्ड अर्धवट पुढे जातो किंवा लाइन थांबते. म्हणून अशा लाइनला रिलीव्हर लागतात, सगळ्या जागांचं काम येणाऱ्या अनुभवी बायका. कोणी उठली की तिच्या जागी त्या उभ्या राहतात.

पुढच्या तारखेला मी कंपनीला लेखी कळवलं की एचआरचा माणूस नको, उत्पादन विभागाचा आणा. समेट अधिकाऱ्याला माणसं बोलावण्याचा आणि कागद तपासण्याचा अधिकार याच कायद्यात, कलम ११(४) मध्ये, होता. आमच्यातले बरेच जण तो वापरायचे नाहीत, कारण तारीख देणं सोपं असतं. एक तरुण इंजिनिअर आला. सरळ मुलगा. मी विचारलं, लाइनवर रिलीव्हर किती?

“एक.”

“पहिल्यापासून?”

“नाही मॅडम, आधी दोन होत्या. दिवाळीनंतर एक रीवर्क टेबलला दिली.”

“आणि टोकन कधीपासून?”

तो क्षणभर थांबला. “दिवाळीनंतरच.”

कन्सल्टंटनी त्याच्या बाहीला हात लावला. मी तोवर रोजनाम्यात, म्हणजे त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, ही प्रश्नोत्तरं जशीच्या तशी उतरवली होती आणि त्याची सही घेतली. रोजनामा नीट लिहिणं हे आमच्या कामातलं खरं कसब आहे. ‘चर्चा झाली, पुढील तारीख दिली’ असं लिहून काहीच उरत नाही.

मग मी शौचालयांचा हिशोब मांडला. राज्याच्या कारखाना नियमांप्रमाणे दर २५ स्त्रियांमागे एक शौचालय लागायचं. तीन लाइनींच्या ९० बायका आणि शौचालयं चार, म्हणजे नियम पाळलेला. पण चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि सगळ्या लाइनींना एकाच वेळी. ६०० सेकंद, एका दारापाशी बावीस-तेवीस जणी. एकीच्या वाट्याला तीस सेकंदसुद्धा येत नाहीत. बायका पाणी पिणं सोडतात ते यामुळे. कारखाने कायदा १९४८ चं कलम १९ तेव्हा म्हणायचं की कामगार कारखान्यात असेपर्यंत शौचालय सर्व वेळी त्यांना वापरता आलं पाहिजे. ते मी मोठ्याने वाचून दाखवलं.

कन्सल्टंट म्हणाले, “मॅडम, हा वैयक्तिक बडतर्फीचा वाद आहे. टोकन यात येत नाही.”

कायद्याने त्यांचं बरोबर होतं. मला त्याच गोष्टीचा राग आला आणि अजूनही येतो. वाद एका रिलीव्हरचा होता, माझ्यापुढे आला तो शिस्तीचा होऊन. शौचालयाचा विषय पाहणारं खातं निराळं. मी त्यांना पत्र पाठवलं, उत्तर आलं की शौचालयांची संख्या नियमानुसार आहे. कंपनीत तक्रार निवारण समितीही होती. वीस किंवा जास्त कामगार असले की ती लागतेच. तिची इतिवृत्तं मी मागवली. चहाचा दर्जा, बसमधल्या जागा. टोकनचा उल्लेख नाही. इतिवृत्त एचआरच लिहीत असेल तर तो येणार कसा?

कंपनीने पैसे देऊ केले. चांगली रक्कम होती आणि तिची गरज मला दिसत होती. ती नाही म्हणाली. तिला नोकरी हवी होती आणि टोकन बंद झालेलं हवं होतं. शेवटी करार झाला तो असा. सेवेत अखंडता ठेवून कामावर परत, मागील पगाराची निम्मी रक्कम, आरोप मागे. टोकनचा शब्द करारात येऊ द्यायला ते तयार झाले नाहीत. टोकन बंद करू, असं कारखान्याच्या मॅनेजरने तोंडी सांगितलं. मासिक अहवालात हा वाद ‘समेट झाला’ या रकान्यात गेला. माझ्या वरिष्ठांनी शाबासकी दिली.

असफल अहवाल पाठवला असता तर प्रकरण कामगार न्यायालयात गेलं असतं. तिथेही वर्षानुवर्षं चर्चा तिच्या वर्तनाचीच झाली असती, रिलीव्हरची नाही. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. पूर्ण समाधान होत नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. तिला लाइनवरून काढून तपासणीच्या टेबलवर बसवलं होतं, काम हलकं होतं. टोकन खरंच बंद झालं. त्याच्या जागी रजिस्टर आलं. नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. रिलीव्हर अजून एकच. लाइनवर तेव्हा बहुतेक ‘नीम’ या कारखान्यात काम करत शिकण्याच्या सरकारी योजनेतल्या प्रशिक्षणार्थी मुली होत्या, आणि त्यांची मुदत वाढवताना ते रजिस्टर पाहिलं जायचं, असं ती म्हणाली. त्या योजनेत प्रशिक्षणार्थी मुलगी कंपनीची कामगार धरली जायची नाही. ती विचारत होती, या मुलींनी अर्ज कुठे करायचा?