उणे तीस अंशांत खिडकी निवडताना

आमचं कॅनडातल्या विनिपेगचं घर १९६० च्या दशकातलं. लाकडी सांगाड्याच्या भिंती आणि खिडक्या मूळच्याच, म्हणजे आत लाकडी चौकटीत सरकणाऱ्या काचा आणि बाहेरून हिवाळ्यासाठी आणखी एक जोडकाच. जानेवारीत इथं पहाटेचा पारा उणे वीसच्या आसपास असतो आणि दरवर्षी काही दिवस तो उणे तीसच्याही खाली उतरतो. अशा सकाळी बेडरूमच्या काचेवर, खालच्या कडेला, आतल्या बाजूनं बोटभर बर्फ धरायचं. दुपारी ते वितळायचं आणि पाणी चौकटीत मुरायचं. खालचा कोपरा काळा पडून इतका मऊ झाला होता की स्क्रू ड्रायव्हर टोचला की सरळ आत जायचा.

त्या कोपऱ्याचा फोटो मी कोल्हापूरला आबांना पाठवला. माझे वडील शिवाजी पेठेतले सुतार. जुन्या वाड्यांच्या चौकटी उतरवणं, दुरुस्त करणं, पुन्हा बसवणं यात त्यांचं आयुष्य गेलं. नव्या खिडक्यांना दोन काचा की तीन, काचांमध्ये कुठला गॅस, काचेवर कसला लेप यावर आम्ही तेव्हा रात्री जागवत होतो. आबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "काचंचं काय घिऊन बसलीयास? भिंतीत आणि चौकटीत फट किती हाय ते बघ आधी."

इथं घराची ऊर्जा तपासणी करून घेता येते. तपासणीस पुढच्या दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतो आणि घरातली हवा बाहेर खेचून आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलनं कमी करतो. मग जिथं जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. त्या वेळी मी देवघरातली उदबत्ती पेटवून खिडकी-खिडकीपाशी फिरवली. काचेच्या मधोमध धूर सरळ वर जात होता. सरकत्या काचा जिथं एकमेकींवर येतात तिथं तो हलला. पण चौकटीभोवतीच्या लाकडी पट्टीजवळ नेली तर धूर आडवा होऊन खोलीत फेकला गेला. पट्टी उचकटून पाहिलं तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पिवळी काचलोकर नुसती कोंबलेली होती आणि ती काळीकुट्ट झाली होती. काचलोकर हवा अडवत नाही, नुसती गाळते. इतक्या वर्षांची धूळ तिच्यात अडकली होती आणि वारा आरपार जात होता. आबांनी सात समुद्रापलीकडून फोटो पाहून सांगितलं ते हेच.

म्हणून या लेखात काचेबद्दल सांगेन, पण खिडकीची खरी कसोटी ती भिंतीत कशी बसते यात आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आता काच. खिडकीतून उष्णता किती वेगानं बाहेर जाते ते यू-व्हॅल्यू या आकड्यानं मोजतात. आकडा जितका लहान तितकी खिडकी चांगली. साध्या एका काचेचा यू साधारण ५.७ असतो, दोन साध्या काचांमध्ये हवा ठेवली तर २.८ च्या आसपास येतो. या आकड्यांचा अंगाला काय अनुभव येतो ते सांगते. बाहेर उणे तीस आणि घरात एकवीस अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग उणे पंधराच्या आसपास जातो. दोन साध्या काचांचा शून्याच्या थोडा वर राहतो. लेप दिलेल्या तीन चांगल्या काचा असतील तर तो चौदा-पंधरा अंशांपर्यंत टिकतो. खोलीत एकवीस अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर सात अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. आमच्या बेडरूममध्ये बर्फ का साचायचं याचं उत्तर यात आलं. थंड काचेशेजारी बसलं की हीटर चालू असूनही अंगात हुडहुडी भरते, कारण आपल्या शरीराची उष्णता त्या काचेकडे जात राहते.

काचेवरचा लो-ई लेप म्हणजे चांदीचा डोळ्यांना न दिसणारा अतिसूक्ष्म थर. जुन्या थर्मासमधल्या चकचकीत भांड्यासारखं त्याचं काम, आतली उष्णता परत आत परतवायचं. लेप आहे की नाही हे घरीही बघता येतं. रात्री काचेसमोर काडी पेटवून धरली तर प्रत्येक काचेची दोन अशी प्रतिबिंबं ओळीनं दिसतात. लेपाचं प्रतिबिंब बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं दिसतं. दुकानात नमुना पाहताना मी हे करून पाहिलं. विक्रेता जरा चमकला, पण तीन काचांची सहा प्रतिबिंबं आणि त्यांतली दोन वेगळ्या रंगाची, हे त्यालाही मोजून दाखवता आलं.

काचांमधल्या जागेत आर्गॉन भरतात. हा वायू आपल्या श्वासातल्या हवेतही जवळजवळ एक टक्का असतोच. तो हवेपेक्षा जड आणि उष्णता वाहून नेण्यात मंद. त्याच्यासाठी दोन काचांमधलं अंतर बारा-तेरा मिलिमीटर असलं की उत्तम. क्रिप्टॉन त्याहून सरस पण बराच महाग, आणि जिथं अंतर कमी ठेवावं लागतं तिथंच त्याचा उपयोग. काचांच्या कडेनं जी पट्टी असते ती पूर्वी ॲल्युमिनियमची असायची आणि थंडी नेमकी तिथून आत यायची. आता उष्णता कमी वाहणारी पट्टी मिळते, तीच मागा. बर्फ खालच्या कडेला आधी धरतं याचं एक कारण ती पट्टीच.

कॅनडात खिडकीवर एनर्जी स्टारचं, म्हणजे ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंना मिळणारं, लेबल हवं असेल तर १ जानेवारी २०२० पासून यू १.२२ किंवा त्याहून कमी, नाहीतर ईआर ३४ किंवा त्याहून जास्त असावा लागतो. ईआर हा मिश्र आकडा आहे. उन्हातून मिळालेली उष्णता जमेला, आणि काचेतून-फटींतून गेलेली उष्णता खर्चाला. मला तो फार उपयोगी वाटला, पण त्यात दिशेचा विचार नसतो. घर सरासरी आहे असं धरून तो काढलेला असतो. एक गोष्ट मात्र नक्की तपासा. विक्रेते बऱ्याचदा काचेच्या मधल्या भागाचा यू सांगतात. तो नेहमी देखणा असतो. आपल्याला चौकटीसकट अख्ख्या खिडकीचा आकडा हवा आणि तो लेबलवर लिहिलेला असतो.

दिशेचा विचार आपल्या कोल्हापूरकरांना नवा नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. जानेवारीच्या अखेरीला आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोचतात. सूर्य कुठल्या दिवशी कुठल्या कोनात असतो हे ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना नेमकं माहीत होतं. विनिपेगला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जातं. हे ऊन फुकटचा हीटर आहे. काच किती ऊन आत सोडते ते एसएचजीसी या शून्य ते एकमधल्या आकड्यावरून कळतं. आम्ही दक्षिणेच्या दिवाणखान्यात जास्त ऊन सोडणारी काच घेतली, आणि पश्चिमेला कमी सोडणारी, कारण इथं जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पश्चिमेची खोली संध्याकाळी तापते. सगळ्या घराला एकच काच लावणं विक्रेत्याला सोयीचं असतं, पण वेगवेगळी मागितली तर बनवून देतात.

चौकटीत लाकूड, पीव्हीसी, फायबरग्लास आणि ॲल्युमिनियम असे पर्याय होते. आपल्याकडे घरोघरी असतं तसं साधं ॲल्युमिनियम इथं चालतच नाही, कारण त्यातून उष्णता भसाभस बाहेर जाते आणि चौकटीवर आतून दव गोठतं. पीव्हीसी स्वस्त आणि ऊब धरणारं, पण ऋतूप्रमाणे फार आकसतं-फुगतं. उणे पस्तीस ते अधिक पस्तीस या सत्तर अंशांत मीटरमागे चार-पाच मिलिमीटर. काच तेवढ्यात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पुढे जात नाही. फायबरग्लास मात्र काचेच्या जोडीनं हलतं, म्हणून जोड जास्त वर्षं टिकतात. आम्ही मोठ्या खिडक्यांना फायबरग्लास आणि लहानांना पीव्हीसी घेतलं. पैसे सगळीकडे सारखे घालावेत असं मला वाटत नाही.

उघडण्याची पद्धतही महत्त्वाची. सरकत्या खिडकीला सरकायला जागा लागते, म्हणजे फट आलीच. बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी बंद करताना रबरी पट्टीवर दाबून बसते, त्यामुळे ती कमी गळते. फक्त तीन काचांचं वजन ध्यानात घ्या. तीन मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे चौरस मीटरला साडेबावीस किलो, आणि ते सगळं बिजागरीवर. फार रुंद झडप करू नका.

आबांना सगळ्यात नवल वाटलं ते गजांचं. "गज न्हाईत? मग चोर?" इथं भीती आगीची जास्त. झोपायच्या खोलीतून खिडकीवाटे बाहेर पडता आलं पाहिजे असा नियम आहे. उघडल्यावर निदान ०.३५ चौरस मीटर मोकळी जागा हवी, आणि उंची-रुंदी कुठंही ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवली तर काम स्वस्तात होतं, पण उघडणारी जागा घटते. जुन्या लाकडाच्या मागच्या फटीही तशाच राहतात. उदबत्तीचा धूर पाहिल्यावर आमच्यापुढे तो पर्याय उरलाच नव्हता. पूर्ण चौकट काढून भिंतीच्या सांगाड्यापर्यंत जायचं ठरवलं.

या टप्प्यावर एका कंपनीचा विक्रेता घरी आला, दोन तास बोलला, भला मोठा आकडा सांगितला आणि निघताना "आजच सही केली तर" म्हणून तो एकदम खाली आणला. त्याला बसवण्याबद्दल विचारलं, तर "आमची माणसं करतात" एवढंच उत्तर. ज्याला फट कशानं भरणार ते सांगता येत नाही त्याच्याकडून खिडकी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आम्ही दुसरीकडे गेलो.

बसवायच्या दिवशी आबा व्हिडिओ कॉलवर होते. कारागिरांनी जुनी चौकट कापून काढली, उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन त्यावर पाणी न मुरणारा चिकट पडदा लावला, म्हणजे चुकून पाणी शिरलंच तर बाहेरच वाहील. मग चौकट ठेवून चारी बाजूंनी पाचरी मारल्या. "कर्ण मापला काय इचार," आबा म्हणाले. मी विचारायच्या आत त्या माणसानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावला, दोन्ही कर्ण सारखे आले, आणि आबांनी तिकडं मान हलवली. फटीत फोम भरला तो कमी फुगणारा. जास्त फुगणारा फोम चौकटीला आतून दाबतो, मग झडप घासायला लागते. शेवटी आतून कडेनं सीलंटची अखंड रेघ. बाहेरून खालच्या कडेला मात्र पाणी निघायला वाट ठेवतात.

नव्या खिडक्यांनंतर एक गोष्ट आमच्या घरांना खास लागू पडते. पूर्वी फटींतून कोरडी हवा येऊन घर वाळायचं. आता ते बंद झालं. रविवारी पांढरा-तांबडा रस्सा उकळायला ठेवला की वाफ घरातच राहते आणि कडाक्याच्या थंडीत तीन काचांवरही कडेला पाणी दिसू शकतं. म्हणून स्वयंपाक करताना बाहेर हवा सोडणारा पंखा लावायचा, आणि बाहेरचा पारा उतरेल तशी घरातली आर्द्रता कमी ठेवायची.

पैसे वसूल होतात का, हा प्रश्न कोल्हापूरहून हमखास येतो. घर तापवण्याच्या गॅसच्या बिलातून खिडक्यांची किंमत निघायला खूप वर्षं लागतात. कॅनडाच्या केंद्र सरकारची घरातली ऊर्जा वाचवण्यासाठी २०२१ साली आलेली अनुदान योजना २०२४ च्या सुरुवातीला नव्या अर्जांसाठी बंद झाली. नुसती बचतच हवी असेल तर आधी माळ्यावर इन्सुलेशन वाढवा आणि फटी बुजवा. खिडक्या बदलाव्यात त्या कुजल्या असतील तर, आणि खिडकीशेजारी बसून मुलांना अभ्यास करता यावा म्हणून. आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

आता हे सगळं वाचून माझा भाऊ म्हणतोय, कळंब्याच्या नव्या घराला तीन काचांच्या खिडक्या घालू का. नको. कोल्हापुरात हिवाळ्यातही रात्री चौदा-पंधरा अंश असतात, तिथं उष्णता धरून ठेवायची गरजच नाही. तिथं ऊन अडवायचं, वारा खेळता ठेवायचा आणि जुलैचा आडवा पाऊस बाहेर ठेवायचा. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा कामाला येतो. पण पश्चिमेचं चार वाजताचं ऊन छज्जाखालून आत येतं. ते आतल्या पडद्यानं अडवलं तर काचेच्या आत आलेली उष्णता खोलीतच राहते. ते काचेच्या बाहेर अडवलं पाहिजे, आणि त्यासाठी वाड्यांना असायच्या तशा लाकडी पट्ट्यांच्या झडपांइतकं चांगलं काही मला दिसत नाही. भावाला पटलंय. पश्चिमेच्या खिडक्यांच्या झडपा आबाच करणार आहेत. एका पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालंय, आणि लाकूड पावसाळ्यात फुगतं म्हणून मापं दिवाळीनंतर घ्यायची ठरली आहेत.