जरा इथे उभी राहतेस का?

नाइट शूटनंतर झोप तशीही लागत नाही. पण आज जागं राहायचं कारण इतकं फुटकळ आहे की कोणाला सांगायचीही लाज वाटते. म्हणून इथे.

झालं एवढंच, की स्टँड-इन, म्हणजे लाइट लावताना हिरोईनच्या जागी उभी राहणारी मुलगी, आली नाही. डीओपी सरांनी, म्हणजे आमच्या सिनेमॅटोग्राफरनी, इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाले, “जरा इथे उभी राहतेस का? उंची जुळते तुझी.” माझ्या हातात कॉल शीट, कानात वॉकी, मागे प्रत्येक डिपार्टमेंटचा कोणी ना कोणी काहीतरी विचारायला ताटकळलेला. सगळं दुसऱ्या असिस्टंटच्या हातात कोंबलं आणि जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर जाऊन उभी राहिले.

लाइट मीटर गालाशी आला. की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, वर गेला. नाकाची सावली ओठावर पडायला लागली म्हणून परत खाली आला, मग थोडा बाजूला. डोळ्यांत चमक हवी म्हणून कॅमेऱ्याशेजारी एक छोटा दिवा लागला. कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरने मोजपट्टीचं एक टोक माझ्या डोळ्याशी धरलं आणि दुसरं कॅमेऱ्याच्या अंगावरच्या त्या बारीक खुणेशी, सेन्सर नेमका कुठे आहे ते दाखवणाऱ्या. क्लोज-अप होता आणि लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे डोळा स्पष्ट तर कान धूसर. तेवढ्या फरकासाठी तो परत परत मोजत होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

माझ्या चेहऱ्याकडे इतक्या मन लावून कोणी कधी बघितलेलं मला आठवत नाही. तो होता तेव्हाही नाही. असो.

मग वॉकीवर “मॅडम निघाल्या” आलं आणि मी खुणेवरून उतरले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. ब्रेकमध्ये प्लेट घेऊन रांगेत उभी होते, सर शेजारीच आले. छान हसले आणि म्हणाले, “तू नवीन का? कुठल्या डिपार्टमेंटला?”

शूटआधी लोकेशन बघायला गेलो, त्या रेकीला आम्ही एकाच गाडीत होतो.

ओळखलं नाही याचा राग आलाय का? तपासून बघितलं, तसंही नाही. सेटवर एवढी माणसं असतात, मलाही निम्म्यांची नावं वॉकीवरच्या आवाजावरून ठाऊक. राग असेल तर याचा, की तिथे उभं राहायला मला आवडलं होतं. चेहरा बघतायत असं वाटलं, आणि ते बघत होते उजेड. एक्स्पोजर ठरवायला कॅमेऱ्यापुढे १८ टक्के करड्या रंगाचं कार्ड धरतात, तसं मला धरलं होतं. कार्डाला कुणी नाव विचारतं का?

फिल्म होती त्या काळात रिळाच्या सुरुवातीला एका बाईचा चेहरा असायचा, शेजारी रंगांच्या पट्ट्या. त्वचेचा रंग प्रिंटमध्ये बरोबर उतरतोय का, ते लॅबवाले त्यावरून जुळवायचे. जेमतेम चार-एक फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सेकंदाचा सहावा हिस्सा, आणि तोही प्रेक्षकांसाठी नाहीच. त्यातल्या बहुतेक जणींची नावं कुठे नोंदलेली नाहीत. उलट हॉलिवूडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉनच्या चेहऱ्यावर १९३७ च्या मोटार अपघाताचे व्रण होते, ते लपावेत म्हणून सिनेमॅटोग्राफर लुसिएन बॅलर्डने लेन्सलगत बसवायचा दिवा तयार केला. त्याला आजही ‘ओबी’ म्हणतात. एकीच्या नावाचा दिवा, आणि बाकीच्या दिव्याखाली.

हे लिहून झाल्यावर स्वतःची फारच कीव यायला लागली. मग आठवलं.

मागच्या शेड्यूलला हेच सर मॉनिटरवरून ओरडले होते, “अरे त्या हुडीवाल्या मुलीला फ्रेमबाहेर काढा कोणीतरी!” हुडीवाली मुलगी म्हणजे आमची हिरोईन. मेकअप व्हायचा होता, सेट कसा दिसतोय ते बघायला सहज आली होती. ती बिचारी “सॉरी सॉरी” म्हणत बाजूला झाली. कोणी काही बोललं नाही, पण ग्रिपची, म्हणजे ट्रॉली-ट्रॅक सांभाळणारी, माणसं ट्रॉलीमागे तोंड लपवून हसत होती. दिवा लागेपर्यंत सरांसाठी माणसाला चेहराच नसतो. तिलासुद्धा नव्हता, मग मी कोण लागून गेले.

आणि माझं तरी काय वेगळं चालतं? स्क्रिप्टचं ब्रेकडाउन, म्हणजे कुठल्या सीनला काय लागेल याची यादी, करताना मी सीन पानाच्या आठव्या हिश्श्यांत मोजते. एखाद्या पात्राची आई मरते, मी समोर लिहिते, तीन अष्टमांश, रात्र, इंटिरियर, पाऊस. रडले नाही कधी. पाऊस आहे म्हणजे पाण्याचा टँकर लागणार, एवढंच डोक्यात येतं. ती कोणाची तरी आई आहे हे एडिटमध्ये कळतं, तोवर माझा पुढचा प्रोजेक्ट सुरू झालेला असतो.

आईला फोन करायचा राहिलाय, ते वेगळंच.

उद्या स्टँड-इन येतेय, आताच मेसेज आला. मी ज्यात उभी होते ते कुठेच नाही, कॅमेरा रोलच होत नव्हता. मॉनिटरवर होते तेवढीच. माझ्या त्या कामाबद्दल मिळालेला एकमेव अभिप्राय गॅफरदादांचा, म्हणजे लाइटवाल्यांच्या प्रमुखांचा. लाइट तिसऱ्यांदा खाली घेताना वैतागून म्हणाले, “तुझं नाक फार अवघड आहे बघ.” आजोबांपासून चालत आलेलं नाक आहे, दादा. एका दिव्याने थोडंच ऐकणार!