गोळीच्या आधीची वर्षे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी लागली की आमच्याकडे दुखण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. त्यांतल्या बहुतेक पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकच्या असतात. त्यांचा जठराला आणि मूत्रपिंडाला होणारा त्रास हा स्वतंत्र विषय आहे. येथे लिहायचे आहे ते ट्रॅमाडॉलविषयी. अफूच्या वर्गातले हे वेदनाशामक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर सुरू होते आणि काहींच्या बाबतीत चिठ्ठीची मुदत संपल्यावरही सुटत नाही. दुखणारी कंबर तीच, गोळी तीच, दिवसही तितकेच; तरी एक जण उरलेल्या गोळ्या फडताळात विसरून जातो आणि दुसरा रिकामी स्ट्रिप हातात धरून पुन्हा दुकानाची पायरी चढतो. या दोघांत फरक पडतो तो कशामुळे, हा प्रश्न गावात फारसा कोणी विचारत नाही, कारण ‘नादी लागला’ हे उत्तर आधीच तयार असते.

कायद्याने आपले काम केलेले आहे. ट्रॅमाडॉल अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहे, त्यामुळे रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या आम्हांला वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१८ साली हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आले. या साऱ्याचा उपयोग आहेच. मात्र वहीत माणसाची नोंद सुरू होते ती गोळीपासून, आणि अभ्यासकांना जे सापडले आहे त्यातले पुष्कळसे गोळीच्या कितीतरी वर्षे आधीचे आहे.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे फेलिट्टी आणि आन्डा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड, घरातल्या कोणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास असे ते प्रश्न होते, आणि त्यांचा पहिला मोठा लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याच माहितीवर आधारलेल्या २००३ सालच्या लेखात असे दिसले, की ज्यांच्या वाट्याला अशा पाच किंवा अधिक गोष्टी आल्या होत्या त्यांच्यात बेकायदा अमली पदार्थांच्या समस्या सात ते दहा पटींनी जास्त होत्या. तो आकडा चिठ्ठीवरच्या गोळ्यांचा नव्हता हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण वेदनाशामकांच्या गैरवापरावर पुढे झालेल्या अभ्यासांचा कलही त्याच दिशेने आहे.

असे का व्हावे, याचे जे स्पष्टीकरण दिले जाते ते मला विशेष पटते, कारण त्यात माणसाच्या इच्छाशक्तीला दूषण देऊन मोकळे होता येत नाही. ज्यांचे लहानपण भीतीत गेले त्यांना मोठेपणी जुनाट दुखणी जास्त जडतात, म्हणजे गोळी हाती पडण्याचा प्रसंगच त्यांच्यावर अधिक येतो. दुसरीकडे, शरीर स्वतः जी अफूसारखी द्रव्ये तयार करते ती केवळ ठेच लागल्यावर कामी येत नाहीत. आईच्या कुशीत रडणे थांबते त्यातही त्यांचा वाटा असतो. ज्याला तो दिलासा पुरेसा मिळाला नाही, त्याची कंबरदुखी तर या गोळीने थांबतेच, पण आतली कित्येक वर्षांची धास्तीही काही तास निवते. ट्रॅमाडॉल तर मनःस्थितीशी निगडित अशा मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही परिणाम करते, त्यामुळे उदास माणसाला त्याने तात्पुरते हलके वाटू शकते. अशा माणसाला ‘दुखणे गेले, आता गोळी बंद कर’ असे सांगताना आपण त्याच्याकडून काय काय काढून घेत आहोत, याचा अंदाज सांगणाऱ्याला नसतो.

आमच्याकडे यात खऱ्र्याची भर पडते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पुडी सातवी-आठवीतल्या मुलांच्या खिशातही सापडते, आणि कोणत्याही नशेशी ओळख जितकी लवकर तितका पुढचा धोका मोठा, हे जगभरच्या पाहण्यांत पुनःपुन्हा दिसलेले आहे. खऱ्र्याला आपण नशा मानत नाही, एवढाच काय तो प्रश्न.

ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून एका माणसाविषयी लिहितो. वडील गेल्यावर शाळा सोडून तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला लागला, आणि पुढे गाठ उचलताना कंबर धरली तेव्हा त्याला ट्रॅमाडॉल मिळाले. काही महिन्यांनी तो ऐन मे महिन्यात, भर दुपारी दुकानात आला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि त्याच्या दोन्ही हातांवर काटा उभा होता. नाकातून पाणी गळत होते, जांभयांवर जांभया येत होत्या, आणि सर्दीची गोळी मागता मागता त्याने ट्रॅमाडॉलचे नाव घेतले. अफूवर्गीय औषध अंगवळणी पडलेल्या शरीराला ते मिळेनासे झाले की नेमकी हीच लक्षणे दिसतात. शेजारी उभे असलेल्या काकांनी मात्र ‘नाटकं करून राह्यला’ असा निवाडा तेवढ्यात देऊन टाकला.

प्रौढपणातली कारणे आपल्याला जास्त ओळखीची आहेत: कर्ज, पडलेला भाव, तुटलेली झोप, दारू, आणि विश्रांती परवडत नाही असे मजुरीचे काम. त्यांतही नैराश्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मानसिक विकार असलेले प्रौढ लोकसंख्येच्या सुमारे १६ टक्केच होते, पण अफूवर्गीय औषधांच्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या त्यांच्या नावावर होत्या. आपल्याकडे मन दुखते असे सांगायला कोणी दवाखान्यात जात नाही. डोके, कंबर, हातपाय दुखतात असेच सांगितले जाते आणि उपचारही त्याचाच होतो. हे बदलू शकते, याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले, आणि त्या कामात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता.

घरातल्या घरात गोळ्या वाटून घेण्याची सवय हाही एक रस्ता आहे. जावेला फरक पडला म्हणून वेचणीला जाताना सासूही तीच गोळी घेते. तिला फिट्सचा त्रास आहे का, ती झोपेची गोळी घेते का, हे कोण विचारणार? ट्रॅमाडॉलने फिट्स येऊ शकतात, आणि दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास श्वास मंदावतो.

एवढे वाचून कोणी कर्करोगाच्या रुग्णाची गोळी बंद केली तर तो निव्वळ अन्याय होईल. मॉर्फिनअभावी कण्हत मरण्याची पाळी या देशात असंख्य रुग्णांवर आली, आणि म्हणूनच २०१४ साली त्याच अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती करून अशा औषधांची वाट थोडी सुकर करावी लागली. तसेच, कठीण बालपण काढलेली बहुतेक माणसे कशाच्याही आहारी जात नाहीत. त्यामुळे माझी मागणी मर्यादित आहे: आठवड्यापेक्षा जास्त दिवसांची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी झोप, दारू, घरातली व्यसने आणि लहानपण यांची चौकशी करावी, आणि उत्तर काहीही आले तरी रुग्णाला हाकलू नये.

ज्यांच्या घरी प्रकरण पुढे गेलेले आहे त्यांनी गोळ्या एकदम हिसकावून घेऊ नयेत. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवता येते, गरज पडल्यास व्यसन सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचा उपचार असतो, आणि १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची विचारणा करता येते. सुटल्यानंतरचे दिवस अधिक जोखमीचे असतात, कारण काही आठवडे गोळी न घेतलेल्या शरीराला पूर्वीची मात्रा सोसत नाही आणि तेवढीच पुन्हा घेतली तर जीव जाऊ शकतो. म्हणून उरलेल्या स्ट्रिपा ‘पुढे कोणाला लागतील’ म्हणून घरात ठेवू नयेत.