साठ की आठ

वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमधले (धातूच्या पत्र्यावर ठोके मारून नग काढणारा कारखाना) एक कामगार काका, पन्नाशी ओलांडलेले, युनियनच्या माणसाबरोबर आमच्या ठाण्याच्या क्लिनिकमध्ये आले. हातात खातेचौकशीचे कागद. सुपरवायझरने साठ नग काढायला सांगितले, यांनी आठ काढून मशीन बंद केलं आणि वर ‘आठच सांगितले होते’ असं खोटं बोलले, हा आरोप. खोटं कशावरून, तर चौकशी अधिकाऱ्याचा शेरा: प्रश्न परत विचारायला लावून वेळ काढतो, उत्तराआधी थांबतो, तोंडाकडे एकटक बघतो, विचारलं एक तर सांगतो भलतंच.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, माणसाला किती ऐकू येतं ते तपासते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं इतकं अचूक वर्णन डॉक्टरांच्या चिठ्ठीतही क्वचित वाचायला मिळतं.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, आवाज आला की बटण दाबायचं असतं, त्यामुळे फसवायला वाव आहे. भरपाईसाठी बहिरेपणाचं सोंग आणणारेही येतात. त्यांना पकडायला मला चेहरा बघावा लागत नाही. खरंच ऐकू न येणाऱ्याची चाचणी पुन्हा घेतली तरी आकडा पाच डेसिबलच्या आतबाहेरच राहतो. सोंग आणणाऱ्याला मघाशी किती आवाजावर बटण दाबलं ते धरून ठेवता येत नाही. शब्दांची चाचणी या बटणाच्या चाचणीशी जुळावी लागते. शेवटी बेरा: कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड, कानात टिकटिक, आणि श्रवणनस व मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेममधून उमटणाऱ्या लहरींची नोंद. पेशंट झोपला तरी चालतं. काकांचं सगळं जुळलं. दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, खोल खड्डा, वर्षानुवर्षांच्या गोंगाटाची खूण.

अशा कानाला अ-आसारखे स्वर पोचतात, स-श-फ निसटतात. ‘साठ’मधला स गेला की आठ उरतो, आणि ओठांवरही दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. त्यात चौकशीच्या वेळी साहेब खिडकीकडे पाठ करून बसलेले. तोंडावर अंधार, ओठ वाचायचे कसे?

काकांनी कंपनीच्या वार्षिक तपासणीचे कागदही आणले होते. दरवर्षी, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला, दोन्ही कानांत तेच वीस डेसिबल, म्हणजे ऐकणं नॉर्मल. प्रेसवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा आलेख असा सपाट येणं शक्यच नाही. खोटं होतं ते इथे, सही-शिक्क्यासकट, आणि त्यावर कोणीही शंका घेतली नव्हती. याचा मला अजून राग येतो.

चौकशी अधिकारी फोनवर म्हणाले, “मॅडम, इतकी वर्षं माणसं बघतोय, चेहऱ्यावरून कळतं.” मी त्यांना मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांचं २००६चं काम सांगितलं: असंख्य प्रयोगांची गोळाबेरीज केली तर खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. त्यावर ते म्हणाले, “मग ऐकू आलं नाही तर ‘हो साहेब’ का म्हणाला?”

तेच मी काकांना विचारलं होतं. “आवाज येतो, शब्द कळत नाहीत. सांगितलं असतं तर मशीनवरून काढलं असतं.” म्हणून ते न कळलेल्या प्रत्येक सूचनेला मान हलवत आले. हे साहेबांना सांगावं तर तेच हत्यार त्यांच्या हातात जाणार. मी अहवालात आकडे लिहिले, पुढची सुनावणी लेखी प्रश्नांनी घ्यावी असं लिहिलं, आणि मान हलवण्याबद्दल काहीच लिहिलं नाही. ते बरोबर केलं का, यावर माझं मन अजून ठरत नाही.

गोंगाटाने आलेला बहिरेपणा कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून आहे, हेही मी काकांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. “आधी हे मिटू दे, मॅडम.”