३२ जीबी रॅम गेली कुठे?

उपग्रह-प्रतिमा जोडून नकाशे तयार करण्याचे काम मी नागपुरातल्या धरमपेठेतील घरूनच करतो. गेल्या मे महिन्यात जुना मदरबोर्ड निकामी झाला. सगळेच नवे घेणे खिशाला झेपणारे नव्हते, म्हणून बर्डीवरील ओळखीच्या दुकानातून वापरलेला थ्रेडरिपर ३९६०एक्स प्रोसेसर, टीआरएक्स४० मदरबोर्ड आणि प्रत्येकी ३२ जीबीच्या चार रॅम असा संच आणला.

जोडणीला दुपारी बसलो. कूलरची ओलसर हवा उघड्या बोर्डावर नको म्हणून तो बंद केला आणि कपाळावरचा घाम सॉकेटमध्ये टपकू नये म्हणून दुपट्टा बांधला. जुन्या कॅबिनेटमध्ये एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकवून स्क्रूने बसवतात तो छोटा खुंट) अशा जागी होता, जिथे नव्या बोर्डाला छिद्रच नव्हते. तो तसाच राहिला असता तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट सर्किट झाले असते, म्हणून आधी काढला. एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) २४ पिनांची आणि प्रोसेसरसाठीच्या ८ पिनांच्या दोन्ही वायरी लावून बटण दाबले. मिनिटभर पडदा काळाच होता, बोर्डावरचे दोन अंकी कोड मात्र बदलत होते. पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, हे ठाऊक असूनही हात बटणाकडे जात होता. अखेर बायॉस (बोर्डाचा स्वतःचा सेटिंग्जचा प्रोग्राम) उघडले आणि त्यात १२८ ऐवजी ९६ जीबी रॅम दिसली.

साहजिकच रॅमवर संशय गेला. चारही रॅम एकामागून एक त्याच एका स्लॉटमध्ये लावून पाहिल्या; चारही चालल्या. मग जागा बदलून पाहिल्या, तेव्हा एका विशिष्ट स्लॉटमध्ये जी रॅम जाईल तीच गायब होते, हे लक्षात आले. स्लॉट खराब म्हणावा, तर त्याच्याच चॅनलचा, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या त्याच वाटेवरचा, दुसरा स्लॉटही मुका होता. दोन स्लॉट एकदम बिघडण्यापेक्षा त्या दोघांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटेतच खोट असणे अधिक शक्य होते. हे तर्काने कळूनही मी सेल काढून बायॉसची सेटिंग्ज पुसली, नवी आवृत्ती टाकली आणि सबंध संध्याकाळ घालवली. फरक शून्य.

रात्री जेवताना सॉकेटचे तीन स्क्रू आठवले. या प्रोसेसरला पिना नसतात. सॉकेटमधील ४०९४ स्प्रिंगसारखे संपर्क त्याच्या तळाशी सारख्या दाबाने टेकावे लागतात. त्यासाठी चौकटीवर १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने स्क्रू आवळायचे आणि पुरेसा ताण आला की ‘कट्’ असा आवाज करून सुटणारा टॉर्क पेचकस वापरायचा. तो नव्या प्रोसेसरच्या खोक्यात मिळतो. माझ्याकडे खोके नव्हते, त्यामुळे मी साध्या स्टार पेचकसाने, हाताच्या अंदाजाने स्क्रू आवळले होते. एका कोपऱ्यावर दाब कमी पडला असेल, तर तिथले काही संपर्क अधांतरी राहून एक चॅनल गप्प होणे अगदी शक्य होते.

सकाळी दुकानात फोन केला. ‘भाऊ, तो नारिंगी पेचकस तं खोक्यातच राहून गेला नं,’ पलीकडून उत्तर आले. तासाभरात बर्डीवरून तो घेऊन आलो.

हीटसिंक उतरवला, जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि ३, २, १ अशा उलट क्रमाने स्क्रू सोडवले. टॉर्चच्या प्रकाशात सॉकेट तिरके धरून पाहिले. एकही संपर्क वाकलेला नव्हता, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. प्रोसेसर पुन्हा बसवून १, २, ३ या क्रमाने पेचकस तीनदा वाजेपर्यंत फिरवला. तिसऱ्या स्क्रूला मी आधी जिथे थांबलो होतो, त्याहून जवळजवळ अर्धा फेरा जास्त लागला. नवी पेस्ट लावून यंत्र सुरू केले, तर बायॉसमध्ये १२८ जीबी.

त्या रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्राम चालू ठेवून झोपलो. सकाळी चार फेऱ्या पूर्ण होऊन चुकांच्या रकान्यात शून्य होते. पेचकस दुकानदाराने परत मागितला नाही. तो आता कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवला आहे.