जमाखर्चाचा प्लॅनर घेताना

जमाखर्चाचा प्लॅनर हातात आला की मी आधी महिन्याचं पान उघडते. मागच्या महिन्याची शिल्लक लिहायला तिथे जागा आहे का? बऱ्याच प्लॅनरांत उत्पन्न आणि खर्चाचे सुबक रकाने असतात, पण शिल्लक पुढे ओढायची सोयच नसते. मग प्रत्येक महिना सुटा पडतो आणि वर्षाचा ताळमेळ लागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्षातून एकदाच येणारे खर्च. विम्याचा हप्ता, मुलांची फी, घराची डागडुजी. किरकोळ खर्चापेक्षा हेच महिन्याचं गणित जास्त बिघडवतात. त्यामुळे बारा महिने एका नजरेत दिसतील असं जोडपान नसलेला प्लॅनर मी घेतच नाही. या पानावर डावीकडे खर्चाचं नाव आणि पुढे बारा चौकटी. डिसेंबरात 12000 चा हप्ता भरायचा असेल, तर त्या चौकटीत लाल शाईने आकडा मांडते आणि जानेवारीपासून दर महिन्याला पेन्सिलीने 1000. पैसे खरोखर बाजूला काढले की पेन्सिलीवर पेन फिरवते. पेन्सिलीचाच राहिलेला आकडा पान उघडताच डोळ्यांत खुपतो, आणि तो खुपायलाच हवा!

खर्चाची खाती छापलेली नसावीत. कुणाच्या घरी औषधांना दोन ओळी लागतात, कुणाला प्रवासाला. जपानमध्ये 1904 साली पत्रकार हानी मोतोको यांनी काकेइबो, म्हणजे घरखर्चाची वही, प्रचारात आणली. तिच्या आजच्या रूपात गरज, हौस, ज्ञान-संस्कृती आणि अनपेक्षित अशी चारच खाती असतात. मला ती पुरतात. वीस रकाने भरायचा कंटाळा येतो आणि मग लिहिणंच सुटतं.

तारखाही छापलेल्या नसल्या तर बरं, कुठल्याही महिन्यापासून सुरुवात करता येते. आकार ए५, म्हणजे 148 × 210 मिमी. याहून लहान पानावर आकडे दाटीवाटीने बसतात आणि बेरीज चुकते. कागद निदान 80 जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा घ्या, आणि बांधणी अशी की वही टेबलावर सपाट उघडी राहील. एका हाताने पान दाबून दुसऱ्या हाताने हिशोब लिहिणं फार त्रासाचं.

शेवटी थोडी कोरी पानंही हवीत. उसने दिले-घेतलेले पैसे मी तिथे लिहिते: कुणाला, कधी, किती, आणि परत किती आले.